रुखमाबाई पान्यात उतरली

लिहा, रुखमा लिहा, रुक्मिणी नका लिहू, रुक्मिणी शाळेच्या दाखल्यावर होती, तिले कोनी ओळखत नाई. मी ढीवराची, म्हंजे मासे धरनाऱ्याची लेक, पन गडचिरोलीत वाढली. बाप राइस मिलमध्ये हमाली करे, आमी भाड्याच्या खोलीत राहो, पानी नळाचं, तेबी सकाळी येऊन गेलं तं गेलं, तं माह्यासाठी पानी म्हंजे पितळेचा गुंड अन् बादली, बस. बापानं कधी जाळं हातात धरलं नाई तं मी कुठून धरू. अन् मंग लगन झालं सिंदेवाहीकडच्या या गावात, अन् गाव कसं, तं घराच्या मागं तलाव, वावराच्या पुढं तलाव, सारं गाव तलावात पाय सोडून बसल्यासारखं. जुना मालगुजारी, जमीनदाराच्या काळचा तलाव हाय हा, त्याची पार, म्हंजे बांध, एवढी रुंद का तिच्यावरून बैलबंडी जाते.

नवी नवरी होती तं सासूनं नेलं तलावावर, म्हने तलावाच्या पाया पड, तोच आपल्याले खाऊ घालते. मी वाकली अन् पाय घसरला अन् गेली भपकन, पानी गुडघ्याइतकं होतं पन मी अशी बोंबलली का धोबन बाया कपडे टाकून धावल्या. तवापासून नाव पडलं, नळाची पोरगी. काय सांगू तुमाले, माह्या लेकाचं लगन झालं तरी गावानं ते नाव सोडलं नाई, अन् मी कमी तोंडाची नोहो, मी प्रत्येकाले उत्तर देल्लं, पन पान्यात काई उतरली नाई.

आता आमच्याकडं शिंगाडा कसा होते ते सांगतो, तुमी शहरातले, तुमी उकळलेला पाह्यला असन. तलाव गावातल्या ढीवर सोसायटीचा हाय, अन् त्याच्यात घरटी एकेक वाटा पाडलेला, मर्यादेले बांबू गाडलेले. वेल पान्यावर पसरते, फळ खाली लागते, दसऱ्याच्या आगंमागं तोडाई सुरू होते. तेव्हा तलाव काठोकाठ असते, आमच्या वाट्यात तं माणूस बुडून वर हातभर पानी. हवा भरलेल्या टूबवर टोपलं बांधायचं अन् पोहत पोहत वेल उलटवायचा अन् फळ तोडायचं. जे पोहते ते तोडते, जे पोहत नाई ते पारीवर बसून शिंगाडा उकळते. मी इतके वरसं पारीवर बसून उकळला, धूर खाल्ला, अन् पान्यातल्या लोकाईले वरून शिकवलं का असा तोडा अन् तसा तोडा.

मंग झालं असं का राजूचे बाबा, म्हंजे आमचे मालक, फटफटीवरून पडले. पायाचं आपरेशन झालं, सळी टाकली, डाक्टरनं सांगतलं आता पान्यात उतरायचं नाव काढायचं नाई. पोरगा राजू नागपूरले कंपनीत, त्याले सुट्टी कुठी भेटते. अन् सोसायटीचा नियम जुना, ज्या घरचं माणूस पान्यात उतरत नाई त्या घरचा वाटा दुसऱ्याले जाते. नियम काई वाईट नाई, नाईतं लोकं घरी बसून वाटे भाड्यानं देतील. दिवाळीच्या मीटिंगमदी अध्यक्ष भाऊ बोलले का तुमचं दुःख समजते, पुढच्या दसऱ्यापर्यंत वाटा तुमचाच, मंग पाहू. माह्या सासऱ्याच्या बापापासूनचा वाटा होता तो. राजूचे बाबा काठीच्या मुठीवर हात चोळत बसले, अन् मले ते पाहवलं नाई, मी उठली अन् म्हनलं, पुढच्या दसऱ्याले मी उतरन.

असे हासले बावा लोकं. अध्यक्ष भाऊबी हासले, राजूचे बाबाबी हासले, मले भल्ला राग आला.

दुसऱ्या दिवशी निघाली नवऱ्याचा जुना फुलपँट घालून, वरून लुगडं खोचून. शिकवनारी कोन, तं माही नणंद शेवंताबाई. तिचं सासर याच गावात, ती माह्यापेक्षा मोठी, केस पांढरे झाले पन पान्यात मासोळीच हाय. तिनं इचारलं, तुले करायचं काय हाय. मी म्हनलं पोहायचं हाय. ती म्हने पोहायचं म्हंजे काय, कुठवर, कवा, कसं. मले नाई समजलं, मी म्हनलं पोहायचं म्हंजे पोहायचं, काऊन डोकं खाऊन राह्यली. मंग मीच माह्या डोक्यानं ठरवलं. धोबीघाटापासून आत, जिथी पानी माह्या डोक्यावर जाते तिथी तिच्या पोराच्या हातानं येक बांबू गाडून घेतला अन् गावाले सांगतलं, या बांबूले हात लावला का मी पोहनं शिकली.

अन् मी सुरू केलं. आधी चार-आठ दिवस भल्ल्या जोमानं, मंग आज काय तं धान कापनी, उद्या काय तं पाव्हणे, परवा काय तं थंडी. काय सांगू, मी कपडे धुवायले घाटावर जावो, सारे कपडे धुवो, मंग म्हनो आता उतरतो, तवापर्यंत ऊन डोक्यावर येय अन् घरी राजूचे बाबा उपाशी. असं करता करता हप्ता जाय. शेवंताबाईनं येक दिवस माहं कपड्याचं गाठोडं उचललं अन् पारीवर नेऊन ठेवलं, म्हने आधी अंग भिजव मंग कपडे. एवढंच. पन तवापासून माहा खाडा बंद झाला बघा, कारण कपडे तं धुवाच लागते, नवरा का मळक्या बनियनवर राहीन. बोटाले लागलं, ताप आला, भाचीचं लगन झालं, तेव्हा नाई गेली, पन परत आली का पुन्हा आधी अंग मंग कपडे. राह्यलेलं भरून काढीन म्हनून दुप्पट वेळ पान्यात राह्यली नाई.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. मी हात मारत मारत, नाकातोंडात पानी घेत घेत, बांबूले जाऊन भिडली. बांबूले अशी मिठी मारली का नवऱ्यालेबी मारली नसन. तिथूनच बोंबलली, पोहली, मी पोहली. घरी गेली, राजूच्या बाबाईले पैसे मांगतले, बाजारातून जिलेबी आनली, घरोघरी वाटली. अध्यक्ष भाऊच्या घरीबी देल्ली, थोडी जास्तच देल्ली. शेवंताबाईनं जिलेबी खाल्ली, हात पुसला, म्हने चाल, माह्यासंग घाटावर चाल. सारं महिला मंडळ मागं. ती लुगडं वर खोसून चालत गेली पान्यात, चालत, पोहत नाई, अन् बांबूजवळ जाऊन उभी राह्यली. पानी तिच्या कमरेले.

अवो, तलावाचं पानी दिवाळीपासून धानाले सोडलेलं, मंग उन्हाळी वावराले सोडलेलं, तलाव रोज बोटबोट उतरून राह्यला होता अन् माहा बांबू तिथंच. मी पाय टेकवूनच पाहलं नाई कधी, भेवानं पाय वरच धरून राहो ना. बाया हासून हासून चिखलात बसल्या. मीबी आधी रागानं लाल झाली, मंग काय, मलेबी हासू फुटलं, जिलेबी तं वाटून झालती.

हासून झाल्यावर शेवंताबाई माह्याजवळ आली, अन् तिनं सांगतलं ते मले आजबी तसंच्या तसं आठवते. म्हने, रुखमे, तुले बांबू शिवायचा नाई, तुले शिंगाडा तोडायचा हाय, तं शिंगाडा जिथी हाय तसल्या पान्यात शीक. तुह्या पायाखाली काई नसताना तू किती वेळ हासत राहू शकते, ते पाहू.

दुसऱ्या दिवसापासून जागा बदलली. पारीच्या खाली, जिथून पानी सोडते तिथी उन्हाळ्यातबी डोह राह्यते, हिरवागार, तळ दिसत नाई. तिथी तिनं मले पोहायले लावलंच नाई. म्हने आज टूब धरून नुसतं कान पान्यात बुडव. कान पान्यात गेले का जग बंद होते बघा, आपलाच जीव धडधड ऐकू येते, मले भेव वाटे का आता कोनी हाक मारली तं मले नाई ऐकू येनार. मंग येक दिवस कान बुडाले अन् मले झोपच आल्यासारखी वाटली. मंग म्हने आता टूब सोडून उताणी पड. मंग म्हने दमली का हेच करायचं, उताणी पड अन् आभाळ पाह्य, दम आला का पुन्हा चाल. मी रोज घरी आली का राजूच्या बाबाईले सांगो, आज काय जमलं अन् उद्या काय करनार, तेवढंच, जास्त नाई. ते खाटेवर पडल्या पडल्या इचारत, आज पाठ बुडाली का. त्याईलेबी काम भेटलं. रोवणीच्या दिवसात बाया चिखलात वाकून गानं म्हनत अन् गान्यात माहं नाव घालत, नळाची पोरगी डोहात गेली म्हनून, मी धान लावता लावता त्याईले उलटं गानं बोलो.

पानी पडत राह्यलं, तलाव भरला, पारीले लागला. दसरा आला.

त्या दिवशी सारं गाव पारीवर. मी कमरेले दोरी बांधली, दोरीले टूब, टूबवर टोपलं, अन् उतरली. शेवंताबाई तिच्या वाट्यात, लांब, तिनं माह्याकडं पाहलंबी नाई, मुद्दाम. आमच्या वाट्यापर्यंत बरोबर गेली. वेल उलटवला, पयला शिंगाडा तोडला, काटा बोटात गेला, रक्त आलं, त्याचाबी आनंदच वाटला मले. अन् मंग पाय हालवला तं हालेना. वेल गुंतला होता घोट्याले. खाली तळ नाई. मी झटका मारला तं आनखी गुंतला, तोंडात पानी गेलं, अन् पारीवर कोनीतरी ओरडलं, बुडाली, नळाची पोरगी बुडाली.

मी कान बुडवले. ओरडनं बंद झालं. उताणी पडली, आभाळ पाहलं, पांढरे बगळे चालले होते रांगेनं. पाय ढिला सोडला तं वेल आपोआप सैल झाला, हात खाली घालून हळूच काढला. अन् मंग मी काय केलं असन, सांगा. शिंगाडा तोडला. टोपलं भरेपर्यंत तोडला, भरलं तरी लुगड्याच्या खोच्यात भरला.

पारीवर राजूचे बाबा काठी टाकून उभे होते, रडून राह्यले होते, ओरडून राह्यले होते, पुरे झालं रुखमे, ये बाहेर, वाटा आपला झाला, ये आता. अध्यक्ष भाऊबी हात करून राह्यले, या बाई या, झालं. अन् खरं सांगू का तुमाले, वाट्यासाठी मी वरसभर नाकात पानी घेतलं, पन त्या घडीले मले बाहेर यावंच वाटलं नाई. मी हात वर करून म्हनलं, थांबा ना, आत्ता तं आली.

आता तीन दसरे झाले त्याले. वाटा आमचा हाय, पारीवर बसून राजूचे बाबा शिंगाडा उकळते अन् वरून मले शिकवते का असा तोड अन् तसा तोड. त्याईचं आता येकच रडगानं, बायको घरी सापडत नाई. उन्हाळ्यात काम नसलं तरी मी डोहात जाऊन पडतो. सुनेनं परवा नागपूरहून फोन केला, म्हने आई मले शिकवा, मी म्हनलं ये, फुलपँट घेऊन ये.

घ्या, हे शिंगाडे घ्या, गरम हायेत, लेकराईले न्या. सुखी राहा, बापा. मी आता जातो, ऊन चढायच्या आधी पान्यात असलं का बरं वाटते.