आधारला मुकादमाचा नंबर

माझं माहेर वडवणीच्या अंगाला, सासर तलवाड्याकडं, पण खरं विचाराल तर मी वाढले उसाच्या फडात. आईबाप दसरा झाला की कारखान्याला निघायचे, धाकट्या भावाला सांभाळायला मला बरोबर न्यायचे, म्हणून शाळा चौथीपर्यंत झाली तेवढीच. चौथीच्या बाई म्हणायच्या पोरीला गावात ठेवा, पण ठेवणार कुणापाशी. पुढं लग्न झालं ते बी असंच. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आन अर्ध्या कोयत्याला टोळी नेणारा मुकादम उचल देत न्हाई. उचल म्हणजे हंगामाच्या आधी हातात दिलेले पैसे, ते ऊस तोडून फेडायचे. तवा सासऱ्याला सून पाहिजे होती ती कोयता पुरा करायला. मी उभी राहिले, पुरा झाला.

मला एकच लेक, पूजा. सासू होती म्हणून पूजा गावात राहिली, शाळा शिकली. काय सांगू तुमाला, सासूचा आन माझा कधी गोड शब्द झाला न्हाई, पण तिनं माझी लेक सांभाळली, तेवढ्यासाठी मी तिचे पाय धुवून प्यायले असते. ती गेल्या उन्हाळ्यात वारली. पूजा दहावीत, आन घरात कुणी न्हाई. भावकीतल्या बायका म्हणायला लागल्या, कावून जिवाला घोर लावून घेती, उजवून टाक, तुझा एक कोयता, जावयाचा एक, बरोबरच जा. पूजा तिथंच भाकरी थापत होती, तिनं मान वर केली न्हाई.

तोवर सरकार बायकांच्या खात्यावर पैसे टाकायला लागलं होतं, दर महिन्याला. मोठे न्हाईत, पण माझ्या नावावर तवर काहीच आलं नव्हतं, शेत न्हाई, घर न्हाई, तोडीचा हिशेब बी नवऱ्याच्या नावावर. पहिल्यांदा आले तवा दुकानात रोख देऊन तेल घेतलं, दुकानदार म्हणला बसा की मावशी, इतक्या वर्षांत तो मला बसा म्हणला नव्हता. नवरा हसायचा, म्हणायचा आता तूच आमची मुकादम. तवा मनात आलं, ह्या पैशात मीठमिरची भागली, वर कापूस वेचायला गेले तर मायलेकी दोघी गावात राहू शकतो. नवऱ्याला तसं सांगितलं. तो म्हणला, चुलतभावाची बायको बाळंतीण हाय, तो बी अर्धाच हाय, आमी दोघं मिळून एक होतो, बघू.

आन नेमकं तवाच निघालं की पैसे चालू ठेवायचे तर केवायसी करा. सेंटरवरच्या पोरानं मशीन पाहिली, म्हणला मावशी, तुमच्या आधारवरच्या फोनला ओटीपीचा नंबर गेला, तो सांगा. मी म्हणलं फोन कुठाय मला. आता ऐका. आमी आधार काढलं तवा घरात फोन नव्हता, विचारलं नंबर कोणता, तर मुकादमाचा दिला. सगळ्या टोळीनं त्याचाच दिला. गावात फोन असलेला माणूस तोच, आमाला काय कळतंय पुढं काय होतंय ते.

त्या पोरानं मुकादमाला फोन लावला तर तो म्हणला तिला घरी पाठव. गेले. कुणाच्या दारात उभं राहून बोलायची मला सवय न्हाई, पदर धरून बाजूला उभी राहिले. तो सुपारी कातरत होता. म्हणला, नंबर देतो की, त्यात काय, आधी यंदा जोडीनं येती का सांग. मी म्हणलं पोरगी दहावीला हाय, हे चुलतभावाला घेऊन येतील. तो म्हणला, दोन गडी फडावर नुसते भांडतात, मला बाई पाहिजे, पोरीला बी घेऊन ये, कोपीवर स्वयंपाक करील. कोपी म्हणजे आमचं फडावरचं पाचटाचं खोपटं. असल्याच खोपटात माझी शाळा सुटली होती. मी म्हणलं, मग राहू द्या नंबर. एवढंच बोलले आन निघाले.

पैसे बंद पडले. मुकादमाला माणसं कमी पडली तवा त्यानं ह्याच दोन गड्यांना गपगुमान नेलं, पण मला नंबर दिला न्हाई तो न्हाईच. मग साधा फोन घेतला, रोजगार बुडवून तालुक्याला हेलपाटे घातले, अंगठा उमटेना तर म्हणले तेल लावा, धुऊन या, उद्या या. शेवटी आधारला माझा नंबर लागला. पैसे अजून यायचेत. येतील का न्हाई ते बी कुणी सांगत न्हाई.

दिवसभर कापूस वेचते, पाठ धरती, पूजा वाचत बसती. काल नवऱ्याचा फोन आला, खोकत होता. म्हणला, चुलतभावाला मोळी बांधता येत न्हाई, गाडीवर चढेपर्यंत सुटती, तुझ्यासारखी बांधणारी मिळायची न्हाई. मी इथं बसले तर त्याचं तिथं दुप्पट मरण. विचारलं, येऊ का? तो म्हणला, पेपर होऊ दे पोरीचे.

तर असं हाय. पेपर होईस्तोवर मी हलत न्हाई. पुढं काय व्हायचं ते होऊ द्या, पोरीचं भलं होवो, त्याचा खोकला बरा होवो, आन तुमी एवढं ऐकत बसलात, तुमच्या बी लेकरांना सुख लागो.