फुलाभोवतीचे ठिपके

हॅलो?… हो, चाचणी खोलीच. इथे दुसरं कोण असणार, मीच… नाही, नव्या लॉटवर सही केलेली नाही… अगं ऐक ना! गाडी दारात उभी आहे ते मला खिडकीतून दिसतंय… उभी राहू दे, तिचे काही पाय दुखत नाहीत.

काय झालं म्हणजे? तुमच्या विक्री विभागाची हौस झाली! मोडलेल्या हाडाला बसवायच्या स्टीलच्या पट्ट्या ॲसिडमधून काढल्या, गंज रोखणारा थर छान धरला, आणि मग तुम्ही त्यावर कंपनीचं फूल कोरलंत!… हो, लेझरनेच. लेझर काय थराला विचारून कोरतो?… आधी छाप, मग ॲसिड. बारा वर्षं हाच क्रम आहे… ॲसिडने फूल फिकं पडतं, उठून दिसत नाही? कोणाला दिसायचंय गं? मांडीत जाणार ती पट्टी! तिथे कोण टॉर्च घेऊन येणार आहे तुमचं फूल बघायला?

हो, हो… चाचणीसाठी मिठाच्या पाण्यात ठेवल्या होत्या. प्रत्येक फुलाभोवती तांबूस ठिपके… बारीक? सुरुवातीला बारीकच असतात… पुसून टाकू? टाकते की. आणि पेशंटच्या मांडीत फडकं घेऊन कोण बसेल, तू?

उपाय आहे ना. परत घासायच्या, परत ॲसिड, परत चाचणी. तीन दिवस… साहेब ओरडतील तर ओरडू देत. घसा त्यांचा आहे…

थांब. कोण पडलं? तुझी आई?… अगं, कधी?… मांडीचं हाड? अरे देवा. आणि उद्या सकाळीच ऑपरेशन?… मग हे आधी नाही का सांगायचं, वेडे! मी आपली तोंड चालवतेय. रडू नकोस. सकाळपासून काही खाल्लंस का?… हो गं, काकूंना आपलीच पट्टी. आत्ता काढते. दारातल्या गाडीतूनच देते, नव्या लॉटमधली. ताजी, फुलासकट…

का?

जुन्या लॉटमधली कशाला?… नाही, ऐकलं मी. पण का?

ठिपके तर बारीकच आहेत ना? पुसून टाकू म्हणत होतीस.

…हं.

जुनी काढून ठेवते. स्वतः तपासून देईन, काळजी करू नकोस… आता गाडीतली खोकी उतरवायला तू सांगतेस, की मी सांगू?… सगळी, हो.

बरं. ठेव.