येते म्हणाली साळू

ऐका. कंदील जरा बारीक करा. आणि ए परशा, दाराकडे पाठ करून बसू नकोस. का ते विचारू नकोस, सरक इकडे.

तर आमची वच्छीआत्या. अंधार पडल्यावर निरोप आला, खिंडीपलीकडच्या वाडीत तिची लेक अडली आहे. सुईणसुद्धा घाबरली आहे. उजाडायची वाट कोण पाहील? आत्या निघाली. कुठून? साळूच्या खिंडीतून! गाडीरस्त्याने सकाळच झाली असती.

चढ लागला, तशा मागून टापा. टप्... टप्. वळून पाहिलं. कोणी नाही! पुढे गेली, तर टापा पुढून! हातातली बत्ती विझली. वारा नव्हता हं, पान हलत नव्हतं. आत्या चालली, चालली, चालली, आणि आली कुठे? परत त्याच वाकड्या आंब्याखाली! पुन्हा निघाली. पुन्हा तोच आंबा!

"मेल्या, सोड वाट!" आत्या रडत ओरडली. "माझी लेक मरतेय तिकडे!"

तेव्हा तो दिसला. लोखंडी टोप, लोखंडी अंगरखा, हातात घोड्याचा लगाम. टोपाखालचा चेहरा गोरा आणि ओला. म्हणतो, "साळू, तू आला?"

हसू नका रे. त्याला मराठी तेवढंच यायचं.

फिरंग्यांच्या काळात या खिंडीवर साळूच्या बापाचा पहारा होता. बाप लढाईत पडला, पोरीने तलवार उचलली. हा दुआर्त, फिरंग्यांचा स्वार. साळूनेच त्याला घोड्यावरून पाडलं, आणि मग तिनेच पाणी पाजलं. पुढे चोरून भेटी सुरू झाल्या. ती त्याला मराठी शिकवायची. तो चुकायचा, ती हसायची.

एका रात्री ती हसली नाही. उजाडता तिची माणसं फिरंग्यांच्या ठाण्यावर चालून जाणार होती, सगळ्यांच्या पुढे ती. त्याला कसं सांगणार? निघताना एवढंच म्हणाली, "येते."

आपण काय म्हणतो निघताना? जाते म्हणतो कधी? पण त्या परक्याला काय ठाऊक! येते म्हणजे येणार, असं धरून तो थांबला. ती ठाण्यापाशी पडली. तो ना लढाईला गेला, ना आपल्या माणसांत परतला. त्या खिंडीतच संपला, लगाम हातात धरून.

त्याने आत्याचं मनगट धरलं. विहिरीच्या तळासारखा गार हात!

"मी साळू नव्हे रे बाबा!"

ऐकतो कुठला! घोडा वाटेत आडवा. आत्याने हिसका दिला, आणि जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं, "सोड रे, येते मी."

हात सुटला. घोडा बाजूला झाला. आणि तो हसला. लहान पोरासारखा हसला.

आत्या वेळेवर पोचली. लेक वाचली, नातही वाचली.

काय म्हणालास परशा? "सोपंय की आजोबा, येतो म्हणायचं नि सुटायचं"?

सुटशील रे. आत्याही सुटली. पण जेवता जेवता तिचा घास थांबायचा. म्हणायची, "अजून उभा असेल."

म्हणून सांगतो, पोरांनो, त्या वाटेला जाऊ नका. "जातो" आपल्या जिभेवर येत नाही. आणि "येतो" म्हणालात, की तो खरं मानतो.