सुंदररावांच्या घरचा गोंधळ, मुक्काम लंडन

सरस्वतीबाई : ते विमान-बिमान ऱ्हाऊ द्या, रामहरीबुवा. आमचा गोंधळ कवा घालता ते सांगा. लगीन लागून म्हयना होत आला. गोंधळ झाल्याबिगर नवरा-नवरीला एका खोलीत धाडता येतंय का? सून माझ्या खोलीत झोपायली आन पोरगं अंगणातल्या बाजंवर. रोज येष्टी आली की रामेश्वर फाट्यावर जाऊन बघतोय, बुवा उतरले का.

रामहरी : तेच तर सांगायलोय, वयनी. गोंधळ झाला.

सरस्वतीबाई : कुणाचा?

रामहरी : तुमचाच. रामेश्वर-सुनिताचा. लंडनला.

सरस्वतीबाई : उनानं डोकं फिरलं का तुमचं? घाटनांदूरच्या सुंदररावाच्या पोराचा गोंधळ लंडनला कसा व्हईल? आमी समदे हितं हुतो की. एसटीडीवरनं एक फोन तरी केलता का?

रामहरी : आधी ऐकून तर घ्या. सरकारनं आमाला कावून नेलतं? तिकडं उन्हाळा आला की गावभर मेळा असतोय. कुठं चित्रं मांडत्यात, कुठं नाच, कुठं गाणं. लंडन झालं की पॅरिस, पॅरिस झालं की अजून कुठं. आपल्याकडं उन्हाळा म्हंजी लगीनसराई, त्यांच्याकडं ही असली जत्रा.

सरस्वतीबाई : आन त्यांच्या जत्रेला नेमका आमचाच गोंधळी घावला.

रामहरी : पयल्या दिवशी चित्रं दाखवायला नेलं. एका दालनात मोडकी खुर्ची भिंतीला टांगल्याली. लोकं हनुवटीला हात लावून तिच्याकडं बघायलेत, हालंना झालेत. मी बी उभा ऱ्हायलो. म्हणलं, सुतार यायचा असंल.

सरस्वतीबाई : खुर्ची गेली खड्ड्यात. गोंधळाचं बोला.

रामहरी : दुसऱ्या दिवशी आमची पाळी. हिरवळीवर मांडव घातलेला. समोर बायाबापडे लेकरं घेऊन बसल्याले, कुणी आइस्क्रीम खातंय, कुणी आडवं झालंय. मी सरकारी मॅडमला इचारलं, लगीन कुणाच्या घरचं हाय? ती म्हणली, कुणाच्याच न्हाई. तुमी नुसतं करून दाखवा.

सरस्वतीबाई : मग दाखवायचं.

रामहरी : वयनी, गोंधळ काय दाखवायचा असतो व्हय? तुळजापूरच्या आईला, आंबाजोगाईच्या योगेश्वरीला नावं घेऊन बोलवायचं. ती यायची आन म्हणायची, कावून बोलवलं रं, लगीन कुणाचं हाय? मग म्या काय त्या खुर्चीकडं बोट दाखवू?

सरस्वतीबाई : ते बी खरंच. मग?

रामहरी : मग आठवलं, पिशवीत तुमची सुपारी हाय. हळदीच्या आदल्या दिवशी तुमीच दिलती, पसाभर गव्हासंगं. एकाची सुपारी घेतल्यावर दुसऱ्याच्या नावानं संबळाला हात लावायचा न्हाई, ही आमच्या बापाची शिकवण. तुमच्याच गव्हाचा चौक मांडला, वर तुमची सुपारी ठिवली आन आईला सांगितलं, घाटनांदूरचे सुंदरराव, त्यांचा ल्योक रामेश्वर, सून सुनिता, ह्यांच्या घरचा गोंधळ हाय. ये बाई.

सरस्वतीबाई : आली का?

रामहरी : ते मी कसं सांगू. पर एक गोरी म्हातारी रडली. मॅडम बी खूश झाली. म्हणली, पुढच्या उन्हाळ्यात पॅरिसला यायचं. म्हणलं, येतो की, आधी गावात कुणाचं तरी लगीन जमू द्या.

सरस्वतीबाई : ते काई न्हाई. निवद न्हाई, सोयरे न्हाईत, असला गोंधळ मी धरत न्हाई. येत्या शुक्रवारी परत घाला.

रामहरी : एका लग्नाला आईला दोनदा बोलवलं तर ती म्हणल, पयलं मोडलं का काय.

सरस्वतीबाई : मला शिकवू नका, बुवा. माझ्या गोंधळाला तुमच्या बापानं संबळ वाजवलं, तवा दिवटीला तेल माझ्या सासूनं घातलं. समदं गाव तिच्याकडं बघत हुतं. तवाच मनात धरलं हुतं, ल्योकाच्या लग्नात मी घालीन. तुमी माझा मान लंडनला उधळून आलात. लई लागलंय माझ्या जिवाला.

रामहरी : कोण म्हणतं उधळला? ही घ्या, बघा दिवटी.

सरस्वतीबाई : अगंबाई, ही तर कोरी हाय.

रामहरी : पेटवूच दिली न्हाई त्यांनी. आग लागल म्हणं. वर लाल टाकी घेऊन एक माणूस माझ्या मागं उभा केलता. मी नाचत इकडं गेलो की त्यो बी इकडं, मी तिकडं की त्यो बी तिकडं. लोकांना वाटलं आमच्याच पार्टीतला हाय. टाळ्या समद्या त्यालाच.

सरस्वतीबाई : हसवू नका मला. मी रागात हाय.

रामहरी : आईला बोलवणं झालं, नाव घेऊन झालं. तेल तेवढं ऱ्हायलं. मान तुमचा, तिथं दुसरं कोण घालणार?

सरस्वतीबाई : आन आता भर दुपारी दिवटी पेटवायची?

रामहरी : तिथं लोकांची रातची जेवणं झाली तरी ऊनच हुतं. आईला सवय झाली असंल.

सरस्वतीबाई : नवरीबाई, तेलाची बुधली आण गं. आन शेजारच्या भिवराबाईला हाक मार. म्हणाव, बघायला ये. एका जणीनं तरी बघितलं पायजे.

सुनिता : आणली, आत्याबाई. काका, एक इचारू का? तिथं खरंच माझं नाव घेतलं?

रामहरी : घेतलं की, ताई. तुमचं नाव घेऊन उदो म्हणलं, तर समदं मैदान उदो म्हणलं. नीट जमलं न्हाई त्यांना, पर म्हणले.

सुनिता : हितं अजून समदे नवरीच म्हणत्यात. बरं वाटलं ऐकून.

(सरस्वतीबाई दिवटीवर तेल धरतात. भिवराबाई दारात येऊन उभ्या राहतात. दिवटी उन्हात पेटते.)

सरस्वतीबाई : उदो. झालं बाई एकदाचं. सुनिता, तुझं अंथरूण आता माझ्या खोलीतून उचल.

सुनिता : उचललं, आत्याबाई. काका ‘गोंधळ झाला’ म्हणले तवाच.