व्हॉल्व सासऱ्यांचा, सुट्टी दोघांची

...आणि वर हे शहाणे लोक सांगतात की नवरा-बायकोनं वर्षातून एकदा तरी दोघांनीच कुठंतरी जाऊन यावं! कोण सांगतं हो हे? त्या माणसाला आधी आमच्या शिवराजसमोर आणून उभं करा, मग बोलू!

शिवराज म्हणजे आमच्या दिलसुखनगरच्या बिल्डिंगमधला, माझ्या समोरच्या दाराचा. सरळ माणूस, तुम्हाला सांगतो. कुकटपल्लीत पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी आहे, तिथं नोकरी. सकाळी मेट्रोत चढतो, संध्याकाळी उतरतो, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. बायको त्रिवेणी, कोठीच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. तिचा हात इतका हलका की सुई टोचलेली कळत नाही म्हणतात. बोललेलं मात्र कळतं. मलासुद्धा कळतं, कारण आमच्या दोन घरांमध्ये भिंत आहे ती नावालाच.

तर या दोघांच्या लग्नाला झाली की वर्षं बरीच, आणि आजवरची एकूण एक सुट्टी गेली कुठं? नांदेडला मुंज, लातूरला साखरपुडा, बिदरला वास्तुशांती! दर वेळी दुसऱ्याच्या मांडवात पंगतीत वाढून परत. म्हणून या वर्षी त्रिवेणीनं जाहीर केलं, "अहो, ऐका. या वेळी आपण दोघंच. ना सासर, ना माहेर. दोघंच!"

शिवराज असा खूश झाला म्हणता... पण जायचं कुठं? इथंच तर सुरुवात झाली ना! याला हवा समुद्र, तिला हवा डोंगर.

"समुद्रात काय बघायचंय? पाणीच ना? मग हुसेनसागरला काय झालं?"

"आणि डोंगरात काय बघायचंय? दगडच ना? मग गोळकोंडा काय वाईट आहे?"

रोज! रोज संध्याकाळी मी इकडे चहाचा कप घेऊन बसायचो आणि तिकडे भिंतीपलीकडून कधी लाटा यायच्या, कधी दरडी कोसळायच्या. शेवटी तिनंच तोड काढली. विशाखापट्टणम! तिथं याचा समुद्र, आणि तिथूनच वर गेलं की अरकूचं खोरं, म्हणजे तिचा डोंगर, थंडी, धुकं, कॉफीचे मळे. याचंही झालं, तिचंही झालं. दुपारच्या गाडीची तिकिटं काढली, तिनं स्वेटर घेतला, यानं अर्धी चड्डी घेतली, तिला रजा मिळाली, आणि हा गेला आपल्या साहेबांकडे रजा मागायला.

साहेबांचं नाव यादगिरी सर. आता साहेब खडूस असता ना, तर काही झालं नसतं! हा गप घरी आला असता. पण माणूस असा प्रेमळ, असा प्रेमळ की काही विचारू नका. "क्या जी शिवराज, छुट्टी? अब्बी? नक्को बाबा, नक्को! गोदाम का सारा स्टॉक गिनना है. कायकू होना छुट्टी?"

आता "बायकोला समुद्र दाखवायचाय" असं साहेबांना कोण सांगणार? शिवराजनं तोंड उघडलं आणि तोंडातून आपोआप पडलं, "सासरे... सासऱ्यांचं ऑपरेशन आहे."

"ऑपरेशन? कायका ऑपरेशन?"

झालं! हे कुणी ठरवलं होतं? शिवराजनं घाबरून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, साहेबांच्या मागे भिंतीवर पंपाचं चित्र, त्यावर बाण काढून एकेका भागाचं नाव... आणि हा म्हणाला, "व्हॉल्व!"

"दिल का वॉल्व?" साहेब खुर्चीतून उठलेच. "अरे, मेरेकू पहले कायकू नै बोला तू? जाओ! अब्बी के अब्बी जाओ! किदर हैं वो?"

"घरीच आहेत सर... कोठीत." साहेबांनी काळजीनं पत्ताही लिहून घेतला.

घरी आल्यावर काय झालं ते मी भिंतीला कान न लावता ऐकलंय.

"माझेच बाबा का? तुमचे नव्हते का?"

"माझे मागच्या वर्षी आजारी पडून झाले ना त्रिवेणी! तुझ्या चुलतभावाच्या लग्नाला!"

पण बाबांना सांगायला तर हवं, उद्या साहेबांचा फोन गेला तर? म्हणून गेले दोघं कोठीला. आता हे सासरे, एकनाथराव. एसटी... म्हणजे आपली इथली सरकारी बस हो, तिच्या डेपोतून रिटायर झालेले, तब्येत अशी की रोज सकाळी चालायला जातात आणि येताना मिरची-भजी खाऊन येतात. आणि आयुष्यभर एकच वेड, नाटक! मंडळाच्या गणपतीत दर वर्षी नाटक, दर वर्षी यांना काम काय? तर शिपाई. नाहीतर गावकरी. नाहीतर पडद्यामागून आरोळी.

शिवराजनं मान खाली घालून सगळं सांगितलं. त्याला वाटलं, म्हातारा काठी काढतो आता. तर एकनाथरावांचे डोळे चमकले. "म्हणजे मुख्य भूमिका?"

"अहो मामा, भूमिका नाही, नुसतं फोनवर जरा..."

"जावईबापू, नुसतं काही नसतं. हा मनुष्य कधीपासून आजारी आहे? स्वभावानं कसा आहे? मरणाला घाबरतो की हसत सामोरा जातो?"

सासूबाई, इंदुताई, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलणार नाही. आधीच सांगून ठेवते." बस. एवढंच. आणि परत शेंगा.

जायचा दिवस उजाडला. बॅगा भरल्या, कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे दिली, त्रिवेणीनं नवा पंजाबी ड्रेस घातलेला, अशी लाजत उभी होती म्हणता, वरात निघाल्यासारखी! दोघंच हो, दोघंच निघाली होती! जिन्यात पोचतात तोच फोन.

"शिवराज जी! मैं कोठी में है. तुमारे ससुर के घर के नीचे. नारियल पानी लाया मामा के वास्ते. कौनसा मंजिल?"

तुम्हाला सांगतो, शिवराजच्या चेहऱ्यावर तेव्हा जो रंग होता तो मी आजवर फक्त जुन्या चुन्यावर पाहिलाय. बॅगा माझ्या दारात टाकल्या आणि दोघं रिक्षातून बाबांना फोन करत कोठीला धावली. धापा टाकत, सरांना घेऊन वर जाऊन बघतात तर काय... एकनाथराव पलंगावर! अंगावर शाल, कपाळावर पट्टी, आवाज विहिरीतून आल्यासारखा. "कोण... कोण आलंय? यादगिरी सर? यांच्यासाठी तर मी श्वास धरून ठेवला होता..."

यादगिरी सरांच्या डोळ्याला धार! ते इंदुताईंकडे वळले. "अम्मा, कब से है ये तकलीफ इनको?"

शिवराजनं देवाचं नाव घेतलं. इंदुताई म्हणाल्या, "शादी हुई तब से."

बघा! खोटं बोलल्या का? एक अक्षर नाही!

इथं थांबायला नको होतं का? पण समोर प्रेक्षक, तोही रडणारा, मग एकनाथराव थांबतात होय? ते उठून बसले, सरांचा हात हातात घेतला, शिवराजचा हात त्यात ठेवला आणि म्हणाले, "माझ्यामागे... या पोराला सांभाळा!" आणि पडले की मागे, डोळे पांढरे करून! खुद्द त्रिवेणी घाबरून ओरडली, "बाबा!"

सर म्हणाले, "उठाओ! गाडी में डालो!" गल्लीच्या तोंडाशीच एका डॉक्टरचा दवाखाना, सरांच्या ओळखीचा. चौघांनी उचलून नेलं. डॉक्टरनं तपासलं, परत तपासलं, कपाळावरची पट्टी काढली, नळ्या लावल्या आणि म्हणाला, "इनकू कुछ बी नै है. जवान पोट्टे का दिल है."

आता संपलं! शिवराजनं भिंतीला पाठ टेकवली. नोकरी गेली, सुट्टी गेली, अब्रू गेली. पण यादगिरी सरांकडे बघतो तर काय, घामानं शर्ट चिंब, छाती धरलेली... "डॉक्टरसाब, जरा मेरेकू..." एवढं म्हणाले आणि धप्पकन खाली!

खरंखुरं हो! नाटक नाही! डॉक्टर धावला, सुया टोचल्या, एका सलाईनची सुई तर त्रिवेणीनंच लावली, नवीन ड्रेस घातलेला तसाच. डॉक्टर म्हणाला, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. आणि गाडी? गाडी तिकडे सिकंदराबादहून सुटली, दोन सीट रिकाम्या घेऊन. शिवराज सरांच्या उशाशी बसला होता, त्रिवेणी पायाशी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माणूस जगला होता.

बरं, सर शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय? "मामा कैसे हैं?"

"बरे आहेत सर. डॉक्टर म्हणतात काही नाही त्यांना."

"डॉक्टर को नै मिला बोलके कुछ नै है क्या? जो बीमारी डॉक्टर को नै मिलती, वोईच डेंजर रहती!" घ्या!

सर हिंडूफिरू लागले आणि एके दिवशी पेढे घेऊन थेट दिलसुखनगरला, जोडीनं! मी तिथंच होतो. म्हणाले, डॉक्टरनं हवापालट सांगितलाय, समुद्राची हवा, विशाखापट्टणमला जातोय. शिवराजचे कान उभे राहिले. "और तुम लोगां बी चल रे. मामा बी, अम्मा बी. मामा की बीमारी ने मेरी जान बचाई. उनकू छोड के मैं समंदर देखूं? सब बुकिंग हो गया!"

दोघंच जायची होती हो, दोघंच!

तर गेली सहा माणसं. समुद्र दिसला, लाटा दिसल्या, शिवराजनं अर्धी चड्डी घातली... आणि दिवसभर एकनाथरावांची खुर्ची सावलीमागे सरकवत बसला. कारण मामांना ऊन नको, मामांना वारा नको, मामांना पाण्यात पाय घालायला नको! बाकीचे तळलेली कोळंबी खातायत आणि एकनाथरावांना काय? मऊ इडली. बिनचटणीची. सरांनी स्वतः भरवली. ज्या माणसानं मुख्य भूमिका मागून घेतली होती तो तिसऱ्या दिवशी जावयाच्या कानात म्हणाला, "जावईबापू, हे नाटक उतरवता येईल का?" इंदुताई तेवढ्या पदर खोचून गुडघाभर पाण्यात, पोरीसारख्या हसत. त्यांना आजवर कुणी समुद्र दाखवला नव्हता.

आणि अरकू? सर म्हणाले, "नक्को! उप्पर हवा पतली रहती. वॉल्व के वास्ते अच्छा नै."

त्रिवेणीचा स्वेटर बॅगेत तळाशी होता तो तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं सगळ्यांना चुकवून वाळूत फिरायला गेली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमचा समुद्र झाला. माझा डोंगर राहिला." भांडली नाही. नुसतं म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं. शिवराज तसाच उलटा फिरला, सरांच्या खोलीचं दार वाजवलं आणि नोकरी गेली तर गेली म्हणून बोलून टाकलं. "सर, मामांना काहीही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. मी खोटं बोललो."

यादगिरी सर उठले, त्याला मिठी मारली, घट्ट! "शाब्बास रे! ऐसीच हिम्मत होना! घर का आदमी ऐसाच बोलना, कुछ नै हुआ, कुछ नै हुआ!"

"नाही सर, खरंच नाही झालं!"

"हौ, हौ," सर डोळे पुसत म्हणाले. "नै हुआ."

खरं बोलायला गेला माणूस, तर त्याचंही हे! दाराबाहेर बोळात त्रिवेणी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती भिंतीला टेकून जी हसायला लागली, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत... शिवराज म्हणतो, सबंध सुट्टीत आम्ही दोघंच म्हणून जे काही होतो ते तेवढंच. त्या बोळात. हसत.

परत येताना गाडीत सरांनी हळूच शिवराजला सांगितलं, "तेरी छुट्टी नै काटा मैं. ये सारे दिनां ड्यूटी में लिख दिया. तेरी पूरी छुट्टी बाकी है. जब होना तब ले ले."

म्हणजे बघा! शिवराज उड्या मारतच घरी आला. "त्रिवेणी, अरकू! लगेच जाऊ! दोघंच!"

आणि ती शांतपणे म्हणाली, "माझी रजा संपली. दवाखान्यात गेली थोडी, समुद्रावर गेली उरलेली. आता वर्ष पालटल्याशिवाय एक दिवस नाही."

"मग माझ्या रजेचं काय करू?"

"घ्या की," ती म्हणाली. "घ्या आणि घरी बसा. स्वयंपाक करा, माझा डबा भरा, संध्याकाळी आले की चहा ठेवा. मला तेवढीच सुट्टी."

तर सध्या शिवराज सुट्टीवर आहे. भिंतीपलीकडून ऐकू येतंय ना? भेंडी चिरतोय.