वजरीनं घासलेले पाय

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी दुपारी राजेश्री पाथरीच्या बसस्टँडवर परभणीच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं भांडत होतं. दुसऱ्याच्या भांडणात राजेश्रीचा वेळ छान जायचा.

“मार्था, मी घरी जायलोय. पाळकसायबांनी माझे पाय धुवायचे म्हंजे काय!”

“येशूनं शिष्यांचे धुतले, तसे ते आज चर्चमधी बाराजणांचे धुनार. तुमचं नाव हाय त्यात. गुमान बसा.”

“अन् तू सकाळीच वजरीनं घासून काढलेस. त्यांना धुवायला काय ठेवलंस?”

“मग भेगांतली माती सगळ्या मंडळीला दाखवू व्हय?”

“एवढा शिकलेला मानूस माझ्या पायाशी बसनार. लय लाज वाटती गं.”

“सकाळी मी तासभर बसले, तवा न्हाई वाटली?”

म्हाताऱ्यानं पाय बाकाखाली ओढून घेतले. गाडी लागली तरी उठेना.

“चला की आता!”

“येतो. पन घरी आल्यावर बादलीपुढं तू बसायचं. मी धुतो.”

“आगं बया! माझ्या टाचा बघितल्यात का कवा?”

“न्हाई. वजरी कुठं असती, तेवढं सांग.”