नानाजींची जुनी स्क्रीन

कौसर : तुले तवाच म्हटलं होतं निता, सासऱ्याच्या कॉम्प्युटरची शकल बदलवू नको. तुले वाटलं, कौसरले कॉम्प्युटरच्या दुकानात काम नाही, म्हणून बोलून राह्यली.

निता : वाटलं खरं. नवी सिस्टीम लवकर सुरू होते, एवढंच पाहिलं मी. नानाजी समोर बसायचे, माउस फिरवायचे, बंद करायचे. गावातल्या लग्नाच्या, तेरवीच्या पत्रिका तेच करून द्यायचे ना? आता लोकांना म्हणतात, माझं डोकं आता चालत नाही, मंगरूळातून करून आणा. परवा मला म्हणाले, सूनबाई, पोरीलेबी माझ्यापाशी ठेवू नको.

कौसर : अन् तू घाबरली.

निता : मी शाळेत शिकवायला गेले की रुचिका त्यांच्याजवळच असते. म्हणून तर तुला म्हटलं, जुन्यासारखं करून दे. घोळ मशीनचा की डोक्याचा, ते तरी कळेल.

कौसर : केलं ना मंग काल. खाली राखाडी पट्टी, कोपऱ्यात बटन, मागं तो निळा-हिरवा रंग. वाळूचं घड्याळबी फिरून राह्यलं. आतून जवान, वरून बुढ्ढं. सुरू होतानीचा आवाजबी तोच टाकला. बसले काय?

निता : बसले. आवाज ऐकून चष्मा पुसला. वाचलंसुद्धा नाही काही, हात सरळ कोपऱ्यात. किन्हीराजा गावच्या धरमसिंगकाकांच्या आईच्या तेरवीची पत्रिका, चहा गार व्हायच्या आत छापली. एक चूक नाही.

कौसर : मंग तोंड कायले पाडलं? डोकं साबूत हाये त्याईचं.

निता : दारात उभी राहून मीही तेच म्हणत होते. कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, किशनची शाळा सुटली नाही का अजून?

कौसर : किशनभाऊ? तुझा नवरा?

निता : जो पुण्याला कंपनीत आहे, तोच.

कौसर : मजाक केली असन.

निता : सायकल काढली गं त्यांनी. त्याला आणायला.

कौसर : नवी शकल परत टाकून देऊ काय? जास्त वेळ नाही लागत.

निता : नको. किती दिवसांनी गुणगुणत होते. रुचिकाला मी माझ्यासोबत नेईन शाळेत.

कौसर : अन् ते?

निता : दुपारी एकटेच असतात. तू जेवायला घरी जातेस ना, आमच्या दारावरूनच? जरा डोकावून जात जा. प्रिंटर पाहायला आले म्हण.